सकाळी आठनंतरचा मिक्सर

टोकियोतल्या आमच्या घरात सर्वांत आधी आलेली वस्तू म्हणजे सात-आठ किलो वजनाचा एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर. गाद्या, पडदे, तवा, पोळपाट हे सगळे त्याच्या मागून आले. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा, त्यामुळे आईने बजावून सामानात घालायला लावलेला मिक्सर या ठोकळ्याशिवाय नुसताच शोभेचा ठरला असता. त्यातल्या त्यात नशीब असे, की टोकियोकडच्या पूर्व जपानात विजेची वारंवारता आपल्यासारखीच ५० हर्ट्झ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जनित्रे जर्मनीहून आणि ओसाकाने अमेरिकेहून मागवली, तेव्हापासून या एकाच देशात ५० आणि ६० असे दोन संसार सुखाने चालू आहेत.

ट्रान्सफॉर्मर आम्हाला मिळाला तो हैदराबादला परत निघालेल्या एका कुटुंबाकडून, व्हॉट्सॲपवरच्या 'सायोनारा सेल'मध्ये. त्याच्या तळाला कागदी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत इमारतीचा क्रमांक आणि वर्ष असे तीनदा लिहिलेले होते. सर्वांत वरचे वर्ष २००९ होते. चौथी ओळ आम्ही लिहिली, २०१८.

आमचे घर निशी-कासाईत आहे. 'निशी' म्हणजे पश्चिम, म्हणून हे पश्चिम कासाई. टोकियोच्या २३ वॉर्डांपैकी पूर्वेच्या कडेला असलेल्या एदोगावा वॉर्डात हा भाग येतो आणि या २३ वॉर्डांत सर्वाधिक भारतीय याच वॉर्डात राहतात. पश्चिमेला आराकावा नदी, पूर्वेला जुनी एदोगावा नदी, दक्षिणेला टोकियोचा उपसागर आणि मध्ये पाण्याच्या पातळीला जेमतेम असलेली ही जमीन. एके काळी इथे कोळ्यांची वस्ती होती आणि समुद्रातल्या शेवाळापासून नोरी, म्हणजे खायचे कागदासारखे पातळ पापुद्रे, तयार करून वाळवण्याचा धंदा चालत असे. पुढे समुद्र हटवून भराव घातला गेला, त्यावर उंच इमारती उठल्या आणि १९७९ साली तोझाई या मेट्रो मार्गावर निशी-कासाई स्थानक सुरू झाले.

त्याच सुमारास कोलकात्याचे जगमोहन चंद्राणी चहाच्या आयातीच्या व्यवसायासाठी इथे येऊन राहिले. त्यानंतर वीस वर्षे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भारतीय होते. मग सन २००० च्या तोंडावर संगणकांच्या तारखांचा तो प्रसिद्ध घोळ निस्तरण्यासाठी जपानी बँकांना आणि कंपन्यांना भारतीय अभियंत्यांची गरज पडली. हे तरुण एकटे आले होते, त्यांच्यापैकी अनेक शाकाहारी होते आणि त्यांना कोणी घर भाड्याने देत नव्हते. चंद्राणींनी त्यांच्यासाठी जेवणाची सोय केली आणि घरे मिळवून देण्यासाठी खटपट केली. तोझाई मार्गावरून निहोनबाशी आणि ओतेमाची ही कचेऱ्यांची ठिकाणे पाव तासाच्या अंतरावर, त्यामुळे एक आला की दुसरा आला, आणि दुसऱ्याने मित्राला कळवले. ठाण्या-डोंबिवलीत चाळी अशाच भरल्या असणार.

घर मिळण्याचे प्रकरण मात्र आजही सोपे नाही. आम्ही सुरुवातीला खासगी दलालाकडे गेलो. त्याने अतिशय नम्रपणे चहा दिला, सहा घरमालकांना आमच्यासमोर फोन केले आणि सहाही वेळा फोन ठेवताना रिसीव्हरला वाकून नमस्कार केला. पाच मालकांना परदेशी भाडेकरू नको होते. सहाव्याला चालले असते, पण त्याला जपानी जामीन हवा होता आणि वर 'रेइकिन' म्हणून एका महिन्याचे भाडे हवे होते. रेइकिन म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला आभारादाखल द्यायची, परत न मिळणारी रक्कम. अनामत वेगळीच. घर भाड्याने घेऊन वर आभारही आपणच मानायचे, ही कल्पना माझ्या सासऱ्यांना मी आजतागायत पटवून देऊ शकलेले नाही.

या अडचणीवरचा उपाय निशी-कासाईत आयताच होता, तो म्हणजे यूआर या सरकारी संस्थेच्या इमारती. तिथे रेइकिन नाही, जामीन नाही, दलाली नाही आणि कराराच्या नूतनीकरणाचे शुल्कही नाही. दोन महिन्यांची अनामत भरायची, उत्पन्नाचे कागद दाखवायचे, आणि पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे यावरून घर नाकारले जात नाही. भारतीय वस्ती इथेच का वाढली, याची कारणे सांगताना लोक देवळे, मसाल्याची दुकाने आणि शाळा यांची नावे घेतात, पण ती सगळी नंतर आली. आधी आला तो हा भाडेकरार, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हाला नवव्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या.

नवीन पत्ता चौदा दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात नोंदवावा लागतो. तिथे माझ्या नावाने गोंधळ घातला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माझ्या पासपोर्टवर माझे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द आहेत. खिडकीमागच्या मुलीने माझा अर्ज आणि नवऱ्याचा अर्ज शेजारी ठेवून दोन्हींवर एकच नाव असल्याचे पाहिले आणि दबक्या आवाजात सुचवले, की बहुधा मी चुकून स्वतःच्या अर्जात पतीचे नाव लिहिले आहे. नवरा-बायकोचे आडनाव एक असते हे तिला समजत होते, कारण जपानी कायद्याने विवाहित जोडप्याला एकच आडनाव घ्यावे लागते. पण बायकोच्या पोटात नवऱ्याचे अख्खे नाव कसे, हे समजावून सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते. मी फक्त म्हटले, "आमच्या गावची पद्धत आहे." तिने मान डोलावली आणि ते नाव काताकाना लिपीत लिहून दिले. ते इतके लांबले, की पुढे एका बँकेच्या अर्जावरच्या चौकोनांत ते मावले नाही आणि माझ्या पासबुकावर माझे आडनाव अर्ध्यातच संपले आहे.

"शब्द नव्हते" असे वर म्हटले, ते खरे म्हणजे लाजिरवाणे आहे, कारण मी पुण्यात दोन वर्षे जपानी शिकले होते. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे आणि आमच्या बाई पहिल्याच तासाला सांगत, की मराठी माणसाला जपानी जड जायचे कारण नाही, कारण वाक्याची बांधणी तीच आहे. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. 'वाताशी वा काइशा नि इकिमासु' याचे मराठी करताना एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही. मी कचेरीला जाते. इतकेच काय, वाक्याच्या शेवटी समोरच्याची संमती मागणारा आपला 'ना' त्यांच्याकडे 'ने' होऊन भेटतो.

एवढी शिदोरी असूनही पहिले सहा महिने मी जपानी जवळजवळ बोललेच नाही, कारण तशी वेळच आली नाही. स्थानकाजवळच्या भारतीय दुकानात तूरडाळ, पोहे, राजगिरा, गोडा मसाला, सगळे मिळते आणि हिशेब हिंदीत होतो. बागेत मुलीला झोपाळ्यावर बसवले, की शेजारच्या बाकावर मराठी, तेलुगू आणि तमिळ यांचे मिळून एक संमेलन भरलेले असे. डॉक्टर कोणता, केस कापायचे कुठे, ओला कचरा कोणत्या वारी, ही सगळी माहिती इथल्या भारतीयांच्या व्हॉट्सॲप गटावर इंग्रजीत येई. टोकियोत राहून माझे दिवस कोथरूडपेक्षा फार वेगळे जात नव्हते आणि मला त्यात आनंदही होता, हे कबूल केले पाहिजे. गटावरची माहिती मात्र नेहमी बरोबर असेच असे नाही. एकदा तिच्या भरवशावर कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी खाली ठेवली, तर गाडीवाल्यांनी तिच्यावर पिवळा कागद चिकटवून ती तिथेच सोडली, आणि दिवसभर येणारा-जाणारा कावळ्यांपासून बचावाच्या जाळीखालच्या त्या एकट्या पिशवीकडे पाहत राहिला. आतली मेथीची देठे पारदर्शक पिशवीतून स्पष्ट दिसत असल्याने ती कोणाच्या घरची, हे सांगायची गरज नव्हती.

मग ऑगस्टमध्ये लिफ्टमध्ये एक सूचना लागली. जपानीत आणि खाली इंग्रजीत लिहिले होते, की पहाटे यंत्राचा आवाज येत असल्याची तक्रार आहे, सर्वांनी काळजी घ्यावी. मजला लिहिलेला नव्हता, नावही नव्हते. इथे तक्रार अशीच येते, कोणाचेही नाव न घेता. ज्याला लागायची त्याला ती बरोबर लागते. माझा मिक्सर रोज सकाळी सहाला डब्याच्या चटणीसाठी चालत असे आणि त्याच्याखाली तो ट्रान्सफॉर्मर थेट लाकडी जमिनीवर बसून गुरगुरत असे. दोन दिवस मी चटणी आदल्या रात्री वाटली, तेव्हा लक्षात आले, की रात्री अकराची वेळ याहून वाईट आहे.

तिसऱ्या दिवशी मिठाईचा एक डबा घेऊन मी आठव्या मजल्यावर, बरोबर आमच्या खालच्या दाराशी गेले. वास्तविक घर बदलून आल्यावर आजूबाजूला आणि वर-खाली छोटीशी भेट देऊन नमस्कार करून यायचा, ही इथली साधी रीत. आमच्या गटावर कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग होते, पण ही रीत कोणी सांगितली नव्हती, किंवा मी विचारली नव्हती. दाराशी उभे राहून पाठ केलेले वाक्य, योग्य त्या आदरार्थी क्रियापदासह, मी एका दमात म्हटले. दार उघडणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या होत्या. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्याकडे कोणी सुतारकाम करते का?"

मी मिक्सर म्हणजे काय, ते सांगितले. खोबरे, कोथिंबीर, मिरची. जे शब्द येत नव्हते, ते हातांनी. त्या आत गेल्या आणि एक जुने झाबुतोन, म्हणजे चटईवर बसताना घ्यायची चौकोनी गादी, घेऊन आल्या. हे त्या यंत्राखाली ठेवा आणि सकाळी आठनंतर चालवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तेव्हापासून आमचा ट्रान्सफॉर्मर निळ्या फुलांच्या झाबुतोनवर बसतो. घरात येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी विचारतो, की त्याला पूजेत ठेवले आहे का.

त्यांना समोर मी आडनावाला 'सान' लावून हाक मारते, पण घरात त्यांचे नाव 'खालच्या आजी' असेच पडले आहे. त्या याच परिसरात वाढल्या. त्यांच्या लहानपणी थंडीत अंगणभर नोरीच्या चटया वाळत असत आणि मुलांना पहाटे उठवून त्या मांडायला लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले आणि ते सगळे बंद झाले. आम्ही परदेशी म्हणून या इमारतीत उपरे, पण त्यांच्या दृष्टीने ही इमारतच उपरी होती, हे मला त्यांच्याशी बोलल्यावर समजले.

माझे जपानी सुधारले ते त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघरांच्या दरम्यान. कोमात्सुना ही पालेभाजी मूळ याच वॉर्डातली, कोमात्सुगावा या ठिकाणावरून तिचे नाव पडले, हे त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितले. मी ती मूगडाळ आणि लसणाची फोडणी घालून केली; चव मोहरीच्या कोवळ्या पाल्याच्या जवळची लागते. इथल्या गॅसच्या शेगडीला मासे भाजायचा एक छोटा खण असतो. आम्ही शाकाहारी असल्यामुळे तो खण वर्षभर रिकामाच पडला होता. वांगे त्यात उत्तम भाजते, हे त्यांच्याकडे भाजलेले वांगे खाल्ल्यावर कळले आणि आमच्या घरी भरीत पुन्हा सुरू झाले. त्यांना मात्र आमच्या शाकाहाराचा नेम समजायला वेळ लागला, कारण जपानी रश्श्याचा पाया असलेल्या दाशीत बहुतेक वेळा बोनितो मासा असतो आणि तो मासा म्हणून कोणी मोजत नाही. पहिल्यांदा त्यांनी खास 'फक्त भाज्यांचे' म्हणून पाठवलेले सूप मी परत करू शकले नाही. त्याचे काय केले, ते इथे लिहीत नाही.

गणपतीत उकडीच्या मोदकांना पिठीचा प्रश्न आला. भारतातून आणलेली पिठी पावसाळी दमट हवेत बिघडली होती. आजींनी कपाटातून 'जोशिन्को' काढले, म्हणजे दांगो नावाचे उकडलेले गोळे करण्यासाठी वापरतात ते तांदळाचे बारीक पीठ. चिकट तांदळाच्या पिठापेक्षा ते वेगळे. मी साशंक होते, पण उकड अशी निघाली, की पारीला एकही भेग गेली नाही. त्या माझ्या समोर बसून कळ्या काढत होत्या. आयुष्यभर दांगो वळलेल्या हातांनी त्यांनी पहिल्याच मोदकाला अकरा कळ्या काढल्या आणि मी मनातल्या मनात सासूबाईंना कळवायचे टाळायचे ठरवले. नैवेद्य दाखवताना मूर्ती पाहून त्या म्हणाल्या, "अरे, हे तर शोदेन-सामा." असाकुसात मात्सुचियामा शोदेन नावाचे देऊळ आहे आणि तिथले दैवत कांगितेन म्हणजे बौद्ध मार्गाने जपानात पोहोचलेला आपला गणेशच आहे. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत आणि भक्त तिथे मुळा वाहतात, मोठा, पांढरा, हातभर लांबीचा. पुढच्या रविवारी आम्ही दोघी एकेक मुळा वाहून आलो.

२०१९ च्या एप्रिलमध्ये वॉर्डाच्या सभेची निवडणूक झाली. परदेशी नागरिकांना इथे मत नाही, त्यामुळे आम्ही केवळ प्रेक्षक. पण महाराष्ट्रातून तरुणपणी जपानात आलेले आणि पुढे जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक उभे होते, म्हणून आमच्या मंडळींत घरचे कार्य असल्यासारखी धांदल होती. ते ६,४७७ मते मिळवून निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते भारतात जन्मलेले पहिले राजकारणी. आजींनी कोणाला मत दिले, ते मी विचारले नाही. त्यांनी एवढेच सांगितले, की पत्रक पूर्ण वाचले आणि त्यातले जपानी चांगले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात वॉर्डाने पुराच्या धोक्याचा नवा नकाशा घरोघर पाठवला. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, आणि नकाशाच्या मुखपृष्ठावर स्वतःच्या वॉर्डाबद्दल सरळ लिहिले होते, 'इथे थांबून चालणार नाही'. आपल्या गावाची इतकी रोखठोक निंदा करणारे सरकारी पत्रक मी दुसरे पाहिलेले नाही. पाच महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, हागिबिस चक्रीवादळ आले. दुपारपासून गाड्या बंद होत्या, फोनवर इशाऱ्यांचे भोंगे वाजत होते आणि आमच्या गटावर दर मिनिटाला वीस निरोप येत होते, त्यांतले निम्मे एकमेकांच्या विरुद्ध. मी न्हाणीघरातले टब पाण्याने भरून ठेवले आणि आठव्या मजल्यावर जाऊन आजींना वर घेऊन आले. त्या एक हातरेडिओ, औषधांची पिशवी आणि तीन संत्री घेऊन आल्या. साडेसहाच्या सुमारास भूकंपाचा हलका धक्काही बसला. वादळ आणि भूकंप एकदम आल्यावर नक्की कशाखाली लपायचे, ते कोणालाच सुचेना. आजींनी वरणभातावर तूप घेतले आणि रेडिओ लावला. आराकावाची पातळी मोजून सांगणारा तो सपाट आवाज मला पूर्ण समजत होता, हे माझ्या लक्षात आले ते बातम्या संपल्यावर. नदी काठाबाहेर आली नाही. सकाळी आकाश इतके धुतलेले होते, की गॅलरीतून फुजी दिसला.

तेव्हा गॅलरीत उभ्या असताना आजींनी शेजारच्या घराच्या आणि आमच्या मधल्या पातळ पत्र्यावर बोट ठेवले. त्यावर लिहिले आहे, की संकटकाळी हा फोडून पलीकडे जावे. मी तो दीड वर्ष पाहत होते आणि त्याच्यासमोर कांद्याची पेटी ठेवली होती. पेटी त्याच दिवशी हलवली.

इथल्या भारतीय वस्तीबद्दल एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे ती सतत वाहती आहे. कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी पाठवलेले लोक, त्यामुळे मैत्री जमते न जमते तोच सायोनारा सेलवर त्यांच्या सायकलींची छायाचित्रे येतात. मुलांच्या शाळेचा निर्णयही याच हिशेबाने होतो. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा टोकियोत आहेत आणि परत जायचे असेल तर त्या सोयीच्या पडतात. आम्ही मुलीला वॉर्डाच्या जपानी शाळेत घातले, तेव्हा बागेतल्या बाकावर माझी चांगलीच उलटतपासणी झाली. बदली झाली तर काय, हा प्रश्न खरा होता आणि त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ती आता अकरा वर्षांची आहे, आजींशी माझ्यापेक्षा चांगले बोलते आणि माझे उच्चार सुधारते.

गेल्या महिन्यात नणंदेने अमेरिकेहून ११० व्होल्टचा मिक्सर पाठवला. तो इथल्या विजेवर थेट चालतो, थोडा दमेकऱ्यासारखा, पण चालतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर गटावर टाकला. एका तासात साताऱ्याच्या एका नव्या जोडप्याचा निरोप आला. दोघे येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. रविवारी ती मुलगी नवऱ्याला घेऊन आली. चिकटपट्टीवर पाचव्या ओळीसाठी जागा उरली नव्हती, म्हणून मी शेजारी नवी पट्टी लावली आणि त्यांचा इमारत क्रमांक लिहून दिला. झाबुतोन बरोबर दिले, कारण आजींनी तसे सांगितले होते. दाराबाहेर बूट घालताना तिने विचारले, "वहिनी, हा किती वाजता लावलेला चालतो?"

"आठनंतर," मी म्हटले, "पण आधी खालच्या मजल्यावर जाऊन या."